रेंझोचं सामान आणि बत्तिस्ताची खुर्ची

रेंझो पावातो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एका खुर्चीला घाबरायला लागला.

खुर्ची तशी साधीच. त्याच्या बापाने, बत्तिस्ताने, उसाच्या रेल्वेच्या जुन्या लाकडातून स्वतःच्या हाताने केलेली. बत्तिस्ता जन्मभर ऊसतोड करत आला. सुतारकामाशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि तो नव्हता हे खुर्चीत बसणाऱ्याला लगेच कळायचं. बसायच्या जागी त्याने लाकडी रिपा पुढून मागे ठोकल्या होत्या आणि दर दोन रिपांमध्ये बारीक फट सोडली होती. बसलं की बरोबर चिमटा बसायचा. पाठ टेकायची फळी वीतभर वर लावल्यामुळे कमरेला आधार नाही तो नाहीच. तरीही ऊसतोड सुटल्यावर बत्तिस्ता रोज त्याच खुर्चीत बसला. आमच्या होम हिल गावात जुनी घरं पुरुषभर उंचीच्या खांबांवर उभी असतात आणि माणसं निम्मं आयुष्य घराखालच्या सावलीत काढतात. तिथे बसून तो रस्त्याकडे बघायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा. असे चौदा महिने गेले. मग एका मंगळवारी सकाळी त्याने कुणालाच हात केला नाही. टोपी डोक्यावर होती, त्यामुळे दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाव म्हणालं, खुर्चीने खाल्लं. गावाला काय, म्हणायला काही लागत नाही. पण त्यानंतर सव्वीस वर्षं त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. रेंझोची बायको इनेस तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांची बादली ठेवायची. हाताशी बरी पडते, म्हणायची.

रेंझोने तेहतीस हंगाम साखर कारखान्याचं छोटं इंजिन चालवलं. शेतातून उसाने भरलेले डबे ओढत आणायचे, रिकामे परत सोडायचे. इंजिनात चढायला चार पायऱ्या होत्या. तेहतिसाव्या हंगामाच्या शेवटी त्याचा गुडघा तिसऱ्या पायरीवर थांबला आणि पुढे जायला तयार होईना. डॉक्टर म्हणाला, शिडी बंद, कठड्याचा जिना सोडून कशावरही चढायचं नाही. कारखान्यातल्या लोकांनी इंजिनाच्या आकाराचा केक आणला. दुसऱ्या दिवशी रेंझो सवयीने पहाटे उठला, कपडे केले, डबा घेऊन जिना उतरला आणि समोर खुर्ची. चिमट्यांची बादली तेवढी मध्ये होती.

त्याच आठवड्यात त्याने ठरवलं, काहीही करीन, पण इथे बसणार नाही.

कल्पना चांगली होती, हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे तोडणीआधी ऊस पेटवतात. संध्याकाळी शेतातून ज्वाळा उठतात, आणि मग गावभर काळ्या राखेच्या लांब चिंध्या तरंगत खाली येतात. जून ते नोव्हेंबर, गाळप चालू असेपर्यंत हे असंच. कपड्यांवर राख, गाडीवर राख, पावावर लोणी लावेपर्यंत लोण्यावर राख. गाळप चालू असताना खिडक्या पुसणाऱ्याला आमच्याकडे वेड्यात काढतात. मग कारखान्याचा शेवटचा भोंगा होतो, आणि तिथपासून नाताळपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत सगळ्या गावाला एकदम खिडक्या स्वच्छ हव्या असतात. घरं जुनी, त्यांतली माणसं त्याहून जुनी, पोरं ब्रिस्बेनला. कोण धुणार? रेंझो म्हणाला, मी धुणार.

सगळे म्हणाले, छान. इनेसही छान म्हणाली.

आता सामान. रेंझोने आयुष्यभर कारखान्याने दिलेलं इंजिन चालवलं होतं. स्वतःचं अवजार स्वतः निवडायची ही पहिली वेळ, आणि ती त्याला चढली. तीन महिने तो जेवणाच्या टेबलाशी बसून मोबाइलवर एका दाढीवाल्या माणसाच्या चित्रफिती बघत होता. दाढीवाला कुठल्यातरी थंड देशातला असावा, कारण मागे बर्फ दिसायचं. तो भल्यामोठ्या काचेवर फेसाचा बोळा फिरवायचा आणि मग रबरी वायपर नागमोडी ओढत एका दमात सगळं पाणी खाली आणायचा. रेंझोला ते बघून इंजिनाचा ब्रेक अलगद लागावा तसं समाधान वाटायचं. त्याने वही केली. पितळी वायपर की स्टीलचा, मूठ सरळ की वळणारी, रबर कडक की मऊ. उष्ण हवेत कडक रबर चांगलं, हे त्याने इनेसला तीन वेळा सांगितलं. तिने तीनही वेळा ऐकलं.

शिडी बंद असल्यामुळे लांब दांडा हवाच होता. दाढीवाल्याकडे होता: आतून पाणी वाहणारा, टोकाला ब्रश, जमिनीवर उभं राहून दुसरा मजला धुवायचा. पाणी गाळायचं यंत्र सोबत, चाकांवरचं. हे सगळं विकणारा एक माणूस ब्रिस्बेनला सापडला. रेंझोने फोन केला.

"घरं किती मजल्यांची?" त्या माणसाने विचारलं.

"एकच. पण खांबांवर."

"म्हणजे दुसऱ्या मजल्याएवढी. मोठा दांडा घ्या. खिडक्या कशा आहेत?"

"खिडक्या?" रेंझो म्हणाला. "नेहमीच्याच."

"मग काही प्रश्न नाही," तो माणूस म्हणाला.

दोघंही खरंच बोलत होते. ब्रिस्बेनच्या नव्या वस्तीत राहणाऱ्या माणसाची नेहमीची खिडकी आणि होम हिलमधल्या माणसाची नेहमीची खिडकी यांत जो फरक आहे, तो काही फोनवरून दिसत नाही.

मे महिन्यात सामान आलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, म्हणून मोल मी सांगत नाही. हातभर लांब पितळी वायपर. त्याच्याहून लहान दोन, शोभेला असावेत तसे. कमरेचा चामडी पट्टा, त्याला वायपर अडकवायच्या खोबणी. आयताकृती बादली, कारण गोल बादलीत वायपर मावत नाही. सात मीटरचा दांडा. पाण्याचं यंत्र. रेंझोने सगळं घराखाली ओळीने मांडलं आणि इनेसला हाक मारली.

इनेस शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. चारशे पोरांना रोज खायला घालते, त्यामुळे ती सहसा आवाज चढवत नाही, आणि एक गोष्ट दोनदा सांगायला जात नाही. तिने पितळी वायपर हातात घेतला, उलटसुलट केला, खाली ठेवला.

"रेंझो, तू खिडक्या बघितल्यास का?"

"कुठल्या?"

"आपल्या."

"रोज बघतो की. ही मूठ बघ. वळते."

"बरं," इनेस म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

गाळप सुरू झालं, राख पडू लागली, आणि रेंझोने सराव सुरू केला. सरावाला त्याने घरातली एकच काच निवडली. घराखाली बांधून घेतलेल्या टीव्हीच्या खोलीला मागच्या बाजूने लावलेलं मोठं सरकतं काचेचं दार. ते तो रोज धुवायचा. नागमोडी हात इतका बसला की दाढीवाल्याने येऊन शिकावं. ऑगस्टमध्ये इनेसचा भाऊ टुल्लियो जेवायला आला होता. तो लझान्याचं ताट घेऊन अंगणातून आत निघाला आणि सरळ काचेवर गेला. नाकाला लागलं, लझान्या काचेवर चिकटला. रेंझो मनापासून खूश झाला.

"दिसलीच नाही ना तुला?"

"काय दिसली नाही?" टुल्लियो नाक धरून म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

रेंझोने पिकअपच्या दोन्ही दारांवर नाव रंगवून घेतलं: 'पावातो, खिडक्यांची स्वच्छता'. आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून आसुंता मावशीला गाठलं. इथेही त्याचा हिशेब बरोबर होता. आसुंता बोनेल्ली त्र्याऐंशी वर्षांची. रविवारी चर्च सुटलं की पाच बायका तिच्या व्हरांड्यात कॉफीला बसतात. तिथे जे बोललं जातं ते सोमवारी होम हिलला माहीत असतं आणि मंगळवारी नदीपलीकडच्या एअर गावाला. तिने चांगलं म्हटलं की नाताळपर्यंत काम पुरणार. वाईट म्हटलं की खुर्ची आहेच.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी रेंझोने तिच्या अंगणात गाडी लावली, पट्टा बांधला, यंत्राला नळी जोडली, दांडा लांब केला आणि वर बघितलं.

आसुंताच्या घराला चौदा खिडक्या. प्रत्येक खिडकीत एकाखाली एक चौदा काचेच्या आडव्या पट्ट्या, वीतभर रुंदीच्या. दांडी ओढली की सगळ्या एकदम तिरक्या होतात आणि वारा आत येतो. गावातल्या प्रत्येक जुन्या घराला हीच खिडकी. रेंझोचा जन्म असल्याच खिडकीखाली झाला, लग्नाची रात्र असल्याच खिडकीखाली गेली, आणि आत्ता या मिनिटाला त्याच्या लक्षात आलं की कमरेला लटकलेला हातभर वायपर वीतभर पट्टीवर चालणार नाही. नाकापेक्षा मोती जड.

शहाण्या माणसाने इथे गाडी वळवली असती. रेंझोने विचार केला, वायपर नसला तर नसला, दांडा आहे. आणि पाणी सोडलं.

काचपट्ट्यांची खिडकी मिटली तरी फटी राहतातच. तिचं काम वारा आत घेण्याचं आहे, आणि पाणी आलं तर तेही ती घेते. शिवाय सहा महिन्यांची राख ओल्या ब्रशने घासली की तिची शाई होते. रेंझो खालून जोर लावून घासत होता.

"रेंझो," वरून आसुंताचा आवाज आला. अगदी शांत.

"काय मावशी?"

"आत पाऊस पडतोय."

तो जिना चढून गेला, एकेक पायरी, कठडा धरून. झोपायच्या खोलीत पलंगावर आसुंताच्या आईने विणलेली पांढरी चादर होती. ती आता पांढरी नव्हती. भिंतीवर आसुंताच्या नवऱ्याचा, फेलिचेचा, लग्नातला फोटो होता. काळं पाणी फ्रेमच्या आत शिरून बरोबर त्याच्या ओठावर जमलं होतं. फेलिचेला मिशी आली होती. हयातीत त्याला कधीच नव्हती.

आसुंताने फोटोकडे बघितलं, मग रेंझोच्या पट्ट्याकडे.

"ही खिडकी तू आधी पाहिली होतीस?"

"जन्मापासून बघतोय, मावशी."

"बघतोयस. हात कधी लावला होतास?"

रेंझोने पट्ट्यातला वायपर पाठीमागे सरकवला.

"रविवारी बायका येतात कॉफीला," आसुंता म्हणाली. "शनिवारपर्यंत नीट कर. नाही जमलं तर राहू दे. मी काही बोलणार नाही."

यापेक्षा वाईट धमकी आमच्या गावात नाही. आसुंता एखाद्याविषयी काही बोलत नाही म्हटल्यावर बाकीच्या पाच बायका उरलेलं सगळं बोलतात.

रेंझो घरी आला. सामान गाडीतून उतरवलंही नाही. पट्टा सोडला आणि घराखाली उभा राहिला. दुपार होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. त्याला एकदम थकवा आला, नुसत्या गुडघ्याचा नाही, सगळ्याचा. त्याने चिमट्यांची बादली उचलून जमिनीवर ठेवली आणि बापाच्या खुर्चीत बसला. चिमटा बसला. तो हलला नाही. समोर रस्ता दिसत होता. बत्तिस्ताला काय दिसायचं ते त्याला पहिल्यांदा कळलं. काहीच दिसायचं नाही.

तीन वाजता इनेस कँटीनमधून आली. हातात उरलेल्या सॉसेज रोलची पिशवी. तिला आधी जमिनीवरची बादली दिसली, मग रेंझो. ती जागच्या जागी थांबली. रेंझोने तिला बत्तिस्ताच्या मयताला पाहिलं होतं, तिच्या स्वतःच्या ऑपरेशनला पाहिलं होतं, चक्रीवादळात छप्पर उडालं तेव्हा पाहिलं होतं. इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

"ऊठ," ती म्हणाली.

"बसू दे जरा."

"ऊठ म्हणते ना. मला ती खुर्ची लागते."

"कशाला?"

"कामाला."

"तिच्यावर तर तू चिमटे ठेवतेस."

"वर्षातले अकरा महिने ठेवते. ऊठ."

तो उठला. उठण्याचं कारण मिळालं म्हणून उठला. मग त्याने तिला आसुंताकडचं सगळं सांगितलं, पावसापासून मिशीपर्यंत. इनेस हसली नाही. हसावंसं तिला वाटलं असणार, माणूसच आहे. ती वर गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या चार काचपट्ट्या काखेत घेऊन खाली आली.

"अशा निघतात त्या?" रेंझोने विचारलं.

"दोन्ही बाजूंना पत्र्याची जीभ असते. अंगठ्याने वाकवायची आणि पट्टी आतून ओढायची. शिडी लागत नाही, दांडा लागत नाही."

तिने कपाटातून रंगाचा एक जुना मऊ ब्रश काढला आणि कोरड्या काचेवर हलकेच फिरवला. राख भुरभुर खाली पडली. "आधी कोरडी. पाणी लावलंस की संपलं." मग धुण्याच्या टबात पाणी, त्यात पेलाभर व्हिनेगर. मग तिने दोन्ही हातांवर करड्या मोज्यांची जोडी चढवली, पट्टी पाण्यात बुडवली आणि दोन्ही हातांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली. दोन्ही बाजू एका दमात साफ. तो हात दाढीवाल्यालाही जमला नसता.

"हे माझे मोजे आहेत," रेंझो म्हणाला.

"होते."

"मला वाटायचं मशीन खातं."

"मशीनला कसली भूक."

आणि मग तिने ती ओली पट्टी उचलून बत्तिस्ताच्या खुर्चीत ठेवली. दोन रिपांच्या मधल्या फटीत, उभी. पट्टी पाठीच्या फळीखालून मागे थोडी बाहेर गेली, पुढे थोडी आली, आणि ताठ उभी राहिली. शेजारच्या फटीत दुसरी. मग तिसरी, मग चौथी. कुणी कुणाला टेकत नव्हतं. पाणी फटीतून खाली ठिबकत होतं.

"एका वेळी चौदा बसतात," इनेस म्हणाली. "एक खिडकी. तुझ्या बापाने जन्मात एकच वस्तू बरोबर मापात केली, आणि ती कशाची हे त्याला कळलं नाही."

रेंझो खुर्चीकडे बघत राहिला.

"तू हे कधीपासून करतेस?"

"लग्न झाल्यापासून. आधी भिंतीला लावून ठेवायची, फुटायच्या. तो गेला त्याच्या पुढच्या डिसेंबरात खुर्ची घेतली."

"मी कुठे होतो?"

"डिसेंबरचा पहिला शनिवार. तू कुठे असतोस?"

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी गाळप संपल्याची बियर असते, क्लबात, सकाळपासून. रेंझो तेहतीस वर्षं एकदाही चुकला नव्हता.

"आपल्या घरात किती पट्ट्या आहेत?" त्याने विचारलं.

"एकशे बारा."

"आणि तुला काय वाटत होतं," तिनेच पुढे विचारलं, "त्या कोण धुतं?"

रेंझोने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मला वाटायचं आपल्या घाण होत नाहीत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत असलेला माणूस निदान चालत तरी असतो. रेंझो तीन महिने टेबलाशी बसून होता, दाढीवाल्याकडून खिडकी शिकत, आणि पाठीमागे ओट्याशी इनेस भांडी घासत होती. त्याला लाज वाटली.

"मग तू मला मेमध्ये सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं. खिडक्या बघितल्यास का म्हणून."

"परत विचारायचं."

"तू मूठ दाखवत होतास. वळणारी." तिने मोजे पिळले. "इतका खूश मी तुला केक कापतानाही पाहिला नव्हता. म्हटलं, राहू दे सहा महिने."

इनेसने शुक्रवारची रजा टाकली. शाळेचा शेवटचा आठवडा, पोरं तशीही फक्त आइस्क्रीम खात होती. सकाळी तिने पिकअपच्या हौद्यात टब ठेवला, ब्रश ठेवला, मोज्यांचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, "खुर्ची उचल."

"ती मी गावातून नेणार नाही."

"का?"

"सगळ्यांना माहितीये ती कोणाची आहे."

"मग आसुंताच्या काचा तिच्या भिंतीला लावून ठेवू. फुटतील त्या फुटतील."

रेंझोने खुर्ची उचलली. हौद्यात ती उभीच ठेवावी लागली, तोंड मागे. मुख्य रस्त्यावरून जाताना बेकरीच्या बाकावर रोजचे तीन म्हातारे बसले होते. गाडी पुढे गेली आणि त्यांना रिकामी खुर्ची दिसली, त्यांच्याकडे तोंड करून निघालेली. एकाने टोपी काढली. रेंझोला आरशात ते दिसलं. त्याने गाडीचा वेग वाढवला नाही, पण त्याला वाढवावासा वाटला.

आसुंताकडे एकशे शहाण्णव पट्ट्या होत्या. इनेसने पहिली काढली आणि दुसरीला हात घातला, तेवढ्यात रेंझो म्हणाला, "थांब. नंबर टाकू दे."

"कशाला?"

"सगळ्या सारख्या आहेत का?"

इनेस थांबली. सारख्या नव्हत्या. दर वादळात काही फुटायच्या, नवीन यायच्या, कुणी केसभर लांब, कुणी आखूड. घरच्या एकशे बारांमध्ये दरवर्षी दोन-तीन तरी परत बसायला कुरकुर करायच्या आणि ती बसून एकेक लावून बघत राहायची, कधी संध्याकाळपर्यंत. रेंझोने तेहतीस वर्षं दोन-दोनशे डबे ओळीने नेऊन ओळीने आणले होते आणि एक डबा कधी चुकीच्या शेतात सोडला नव्हता. त्याने मेणखडू काढला आणि प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात खिडकीचा नंबर आणि पट्टीचा नंबर घातला. इनेस काढायची आणि कोरडी झाडायची. तो धुवायचा, हातात स्वतःचेच मोजे घालून. मग खुर्ची. मग परत जागेवर, आणि शेवटी कोपऱ्यातला नंबर पुसायचा. गुडघा एकदाही आड आला नाही. चार वाजेपर्यंत चौदाही खिडक्या बसल्या आणि एकही पट्टी कुरकुरली नाही.

"हे मला सुचलं नव्हतं," इनेस म्हणाली.

रेंझोने ते ऐकलं आणि पुढची पंधरा मिनिटं टब धूत राहिला. टब स्वच्छच होता.

आसुंता तपासायला आली. बोट फिरवलं नाही, उजेडाकडे धरून बघितलं नाही. तिने चपला काढल्या, पलंगावर आडवी झाली आणि पट्ट्यांमधून बाहेर बघू लागली. चादर इनेसने मंगळवारीच नेऊन धुतली होती.

"आंब्याच्या झाडावर पोपट आहेत," आसुंता म्हणाली. "मला वाटलं होतं या वर्षी आलेच नाहीत."

मग ती उठली आणि भिंतीकडे बघितलं. फोटो इनेसने उघडून साफ केला होता.

"मिशी काढलीत."

"हो मावशी," इनेस म्हणाली.

"बरी दिसत होती," आसुंता म्हणाली आणि कॉफी ठेवायला गेली.

सोमवारी सकाळी फोन वाजायला लागला. "पावातो, खिडक्यांची स्वच्छता," रेंझो म्हणायचा. पलीकडून म्हणायचे, "इनेस आहे का?" तो म्हणायचा, "मीच बोलतोय." मग ते त्याच्यावरच समाधान मानायचे. त्या दिवशी अकरा फोन आले. शाळेला सुट्टी लागली होती, इनेस मोकळी होती. बेकरीच्या बाकावरच्या तिघांपैकी टोपी काढणाऱ्याचाही फोन आला. त्याला वेळ हवी होती, आणि तो म्हणाला, "तुमची ती खुर्ची आणालच ना?"

"तिच्याशिवाय काम होत नाही," रेंझो म्हणाला.

पितळी वायपर घराखाली खिळ्याला टांगलेला आहे. सरकत्या काचेच्या दारावर रेंझो तो अजून वापरतो. दारावर आता नाकाच्या उंचीला एक लाल पट्टी आहे, टुल्लियोसाठी. दांडा टुल्लियोनेच नेला, आंबे पाडायला.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बारावं घर संपलं. इनेसला वाटलं, झालं. रेंझो घरी आला, वर गेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची पहिली पट्टी आतून ओढली.

"आज राहू दे," ती म्हणाली. "दमलास."

"आपल्या घाण होतात," तो म्हणाला.

त्याने एकेक खिडकी खाली आणली. तिला टबाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी शेवटच्या चौदा पट्ट्या खुर्चीत उभ्या होत्या, पाणी ठिबकत होतं. इनेस दोन बियर घेऊन जिना उतरली. रेंझोचा गुडघा सुजला होता आणि तो खांबाला टेकून उभा होता. हातांत अजून मोजे होते.

"बस जरा," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने खुर्चीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. खुर्चीत जागा नव्हती. मग त्याने ती आयताकृती बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला, आणि इनेस चिमट्यांची बादली बाजूला सरकवून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.